डबी आधी, सुगंध नंतर : माशेलच्या मेणबत्ती प्रकल्पाच्या नोंदी

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार

चवथीचा पसारा आवरला, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरली, आता डब्यांचं काम हातात घेतलं. दिवाळीला पणजीच्या एका दुकानाला भेट देण्याजोग्या मेणबत्त्या द्यायच्या आहेत. त्यानंतर २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा आहे. तो दर दहा वर्षांनी येतो, यंदा ५ जानेवारीपर्यंत चालेल. तिथल्या एका दुकानदाराने झाकणाच्या डबीतली मेणबत्ती मागितली आहे. लांबून आलेल्या माणसाच्या पिशवीत काच फुटते, उघडी मेणबत्ती वाकते, डबी मात्र घरापर्यंत नीट जाते.

मोठ्या वहिनींचा प्रश्न सरळ होता : "बाजारात डब्या आहेत, सुंदर आहेत, त्यात एवढं बघायचं काय?" माझं म्हणणं त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. आपण डबीत मेण भरतो आणि मध्ये आग ठेवतो. ती आग कुणाच्या तरी देवघरात, मुलांच्या खोलीत, लाकडी टेबलावर जळणार आहे आणि तेव्हा आपण तिथे नसणार. म्हणून सुगंध कोणता, लेबल कसं, हे सगळं नंतर. आधी डबी.

आज म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. भांड्यांच्या आणि पॅकिंगच्या दुकानांतून मिळतील तेवढ्या प्रकारच्या गोल डब्या एकेक-दोनदोन उचलल्या. मुंबईहून मागवलेल्या नमुन्यांचं खोकंही आलं आहे. दुकानदार विचारत होता, "बाय, एवढ्या वेगवेगळ्या कशाला? एकच घे शंभर, भाव कमी करतो." त्याला म्हटलं, शंभर घ्यायलाच परत येईन, आज फक्त बघायला नेते.

२२ सप्टेंबर, रविवार

सगळ्या डब्या ओट्यावर मांडल्या आणि फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवलं. चिकटली ती पोलादाच्या पत्र्याची, वर कथिलाचा मुलामा असलेली. चिकटली नाही ती ॲल्युमिनियमची. दुकानात दोन्हींना "टिनच" म्हणतात, आणि दोन्ही सारख्याच चकाकतात. पण तापल्यावर दोघींचं वागणं वेगळं. ॲल्युमिनियम उष्णता पोलादाच्या चार-पाच पट वेगाने पसरवतं. म्हणजे ज्योतीची ऊब काठापर्यंत, बुडापर्यंत लवकर पोहोचते. वात निवडताना हे पुन्हा उपयोगी पडेल.

मग सांधे पाहिले, आणि इथे खरी निवड झाली. डब्या तीन तऱ्हेच्या निघाल्या.

पहिली, एकाच चकतीतून साच्यात दाबून ओढलेली. बूड आणि भिंत एकसंध. आतून बोट फिरवलं तर कुठेही रेघ लागत नाही.

दुसरी, पत्र्याची पट्टी गोल वळवून दोन टोकं एकमेकांत अडकवलेली आणि बूड खालून दुमडून बसवलेलं. बिस्किटांच्या, मिठाईच्या पुष्कळ डब्या अशाच असतात. कोरडा माल ठेवायला त्या उत्तम. पातळ पदार्थासाठी त्या केलेल्याच नाहीत.

तिसरी, बाजूचा सांधा यंत्राने वेल्ड केलेला आणि बूड दुहेरी दुमडीत रबरासारखा लेप घालून बंद केलेलं. दूध-पावडरचे डबे असतात तशी. ही गळत नाही, पण बहुतेक उंच आणि अरुंद. बुडाच्या दुमडीतला तो लेप ज्योतीच्या जवळ किती टिकेल याची खात्री मला वाटत नाही.

वहिनींनी जपून ठेवलेले रिकामे डबेही बाहेर काढले होते. त्यातला जुना काजूचा डबा मला फार आवडतो, पण त्याला बाजूला झाळलेला सांधा आहे. झाळकामाला वापरतात तो कथील-शिशाचा नेहमीचा मिश्रधातू साधारण १८३ अंश सेल्सियसला वितळतो, आणि त्यात शिसं असतं. मेणबत्तीच्या ज्योतीचा सर्वांत तप्त भाग १४०० अंशांच्या आसपास जातो. वात कलली आणि ज्योत भिंतीला लागली तर त्या सांध्याचं काय होईल याचा विचार करून तो डबा परत फडताळात ठेवला. काजूच ठेवू त्यात.

२५ सप्टेंबर, बुधवार

फोंड्याला गेले होते. तिथे एक काका आहेत, पूर्वी कल्हई करायचे, पत्र्याच्या चिमण्या, गाळण्या, नरसाळी बनवायचे. वय झालं, भट्टी बंद आहे, पण हात लावला की पत्रा कसा आहे ते सांगतात. नमुने त्यांच्यापुढे ठेवले.

मी सांगितलं की पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवल्या होत्या, दुमडीच्या डब्यांपैकीही काही गळल्या नाहीत. ते म्हणाले, "पाण्यावर विश्वास ठेवू नको पोरी. पाणी आळशी. रॉकेल घाल आणि बाहेरून सांध्यावर खडू फास. मग बघ."

आम्ही त्यांच्या अंगणात, चूल-विडी काही जवळ नसताना, तसंच केलं. बाहेरून सांध्यावर पांढरा खडू घासला, आत बोटभर रॉकेल. दुमडीच्या डब्यांवर थोड्याच वेळात खडूत ओली काळपट रेघ उमटली. पाण्याला ज्यांनी धरून ठेवलं होतं त्यांच्यावरसुद्धा. ओढलेल्या एकसंध डब्या कोरड्या राहिल्या.

कारण समजून घेतलं की ही चाचणी कायमची लक्षात राहते. पाण्याचा पृष्ठताण मोठा, म्हणून ते बारीक फटीच्या तोंडाशी थांबतं. रॉकेलचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. वितळलेलं मेण या बाबतीत रॉकेलच्या जवळचं आहे, त्यामुळे जिथून पाणी जात नाही तिथून गरम मेण झिरपू शकतं. पहिल्यांदा ओततानाच गळेल असंही नाही. ओतलेलं मेण फटीत थिजून ती बुजवतं. मेणबत्ती पेटल्यावर, शेवटच्या टप्प्यात बूड तापलं की तेच मेण पुन्हा वितळून टेबलावर येतं. गिऱ्हाइकाच्या घरी.

निघताना काकांनी डबीचा काठ अंगठ्याने चाचपायला शिकवलं. पत्रा कापल्यावर जी उघडी धार राहते ती आत वळवून गोल केलेली हवी. हात कापू नये म्हणून तर हवीच, पण त्या धारेवर कथील नसतं, गंज तिथूनच शिरतो.

झाळलेल्या, दुमडीच्या आणि वेल्ड केलेल्या डब्या यादीतून काढल्या.

२९ सप्टेंबर, रविवार

गंजाची चाचणी लावली. आमचं माशेल मांडवीच्या खाडीपासून लांब नाही, आणि माल जाणार पणजीला, कदाचित पुढे कळंगुटकडे. पावसाळ्यात इथे कपाटातली टाचणीसुद्धा लाल होते.

कल्हई आणि टिनचा पत्रा, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं पोलाद, यांचं नातं जवळचं आहे. काका भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फासायचे. कारखान्यात तेच कथील विजेच्या साहाय्याने पोलादावर चढवतात, फार पातळ. नेहमीच्या एका प्रतीत चौरस मीटरला २.८ ग्रॅम कथील असतं, म्हणजे थराची जाडी मिलीमीटरच्या अडीच हजाराव्या भागाच्या आसपास. ओढताना, वाहतुकीत, झाकण घासताना तो थर कुठेतरी खरवडतोच. जस्ताचा मुलामा असता तर खरवडलेल्या जागी जस्त स्वतः आधी झिजून पोलादाला वाचवतं. दमट हवेत कथील तसं करत नाही. उलट ओरखडा पडला की तिथलं उघडं लोखंड अधिक जोमाने गंजतं. म्हणून आपल्या किनाऱ्यावर नुसत्या कथिलाच्या मुलाम्यावर भागत नाही. त्याच्यावर आतून-बाहेरून लाखेसारखा पारदर्शक लेप हवा.

चाचणी अशी : मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यात प्रत्येक जातीची एक डबी गुंडाळून न्हाणीच्या खिडकीत ठेवली. प्रत्येक जातीच्या दुसऱ्या डबीवर खिळ्याने एक रेघ ओढून तीही तशीच गुंडाळली.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना.

घटाचं झाल्यावर फडकी सोडली. लेप नसलेल्या डब्यांच्या झाकणाच्या काठावर तांबूस कडी. लेपाच्या डब्या स्वच्छ, फक्त खिळ्याच्या रेघेत गंज. ॲल्युमिनियमवर पांढरट डाग, पुसल्यावर बरेचसे गेले.

आता यादीत दोनच उरल्या : ओढलेली, दोन्ही बाजूंनी लेप दिलेली टिनची डबी आणि ओढलेली ॲल्युमिनियमची डबी.

५ ऑक्टोबर, शनिवार

आतल्या लेपाची सुगंधी तेलाशी परीक्षा. कापसाच्या बोळ्यावर तेलाचे थेंब घेऊन तो डबीच्या आत एका जागी आणि बाहेरच्या रंगावर एका जागी दिवसभर चिकटवून ठेवला. मोगऱ्याच्या तेलाने काही केलं नाही. संत्र्याच्या तेलाने मात्र काळ्या मॅट डबीचा बाहेरचा रंग मऊ केला, कापूस काळा झाला. लिंबूवर्गीय तेलांत लिमोनीन असतं आणि ते चांगलं विद्रावक आहे, रंगाच्या डब्यांच्या दुकानात विकावं इतकं. भरताना एखादा ओघळ बाहेर येणारच. काळी मॅट डबी बाद. दुकानाला तीच जास्त आवडली होती. त्यांना हा कापूस दाखवणार आहे.

रिकामी डबी ओव्हनमध्ये ९० अंशांना थोडा वेळ ठेवून वास घेतला. रंगीत छापील डबीला वार्निशचा वास येतो. आपण मोगरा म्हणून विकायचं आणि पहिल्या तासाला घरात वार्निश दरवळायचा, हे नको.

७ ऑक्टोबर, सोमवार

आकार. उंची व्यासापेक्षा जास्त नको हे ठरवलं. उंच-अरुंद डबीत मेण खाली गेलं की ज्योत विहिरीच्या तळाशी बसल्यासारखी होते, हवा पुरत नाही, ती फडफडते आणि काजळी धरते. वरचा रिकामा काठही नुसता तापत राहतो.

स्थिरतेसाठी तिरकी फळी. अमेरिकेच्या एएसटीएम एफ २४१७ या मेणबत्तीच्या अग्निसुरक्षेच्या मानकात दहा अंशांच्या उतारावर मेणबत्ती उलटू नये अशी अट आहे. ३० सेंटिमीटरच्या फळीचं एक टोक सव्वापाच सेंटिमीटर उचललं की दहा अंश होतात, त्यासाठी वेगळं उपकरण लागत नाही. रुंद डब्या जागच्या हलल्या नाहीत.

बुडाकडेही नीट पाहिलं. टेकणारी कडा बाहेर आणि मधला भाग किंचित उचललेला, असं बूड हवं. डबी आणि टेबल यांच्यामध्ये हवेची फट राहते. पण तो उचललेला भाग आतून सपाटच पाहिजे. ॲल्युमिनियमच्या एका नमुन्यात तो घुमटासारखा फुगलेला आहे, वरून कंपनीची नक्षी उठवलेली. वातीची पत्र्याची चकती त्यावर पूर्ण टेकत नाही.

आणि डबीत किती मावतं ते तिच्या नावावर न ठेवता पाण्याने मोजलं. भरायची रेघ काठाखाली सव्वा सेंटिमीटर धरली, तिथपर्यंत पाणी ओतून वजन केलं. थिजलेल्या सोया मेणाची घनता साधारण ०.९, म्हणून २०० ग्रॅम पाणी मावलं तर १८० ग्रॅम मेण.

१० ऑक्टोबर, गुरुवार

जाळून पाहायला सुरुवात. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

डबी आणि वात ही जोडी आहे. एकीची निवड दुसरीवाचून करता येत नाही. काचेच्या ग्लासात छान जळणारी वात धातूच्या डबीत तशीच जळेल असं धरता येत नाही, कारण धातू ऊब काठापर्यंत नेतो आणि मेण कडेनेही वितळायला लागतं. म्हणून साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या दोन्ही डब्यांत तीन जाडीच्या सुती वाती लावल्या : ग्लासात वापरतो ती, तिच्याहून एक नंबर बारीक आणि त्याहूनही बारीक. मेण तेच, सुगंधी तेल तेवढंच, आठ टक्के.

वाती आधी पांढऱ्या कागदावर घासून पाहिल्या. आत धातूची तार असेल आणि कागदावर करडी रेघ उमटली तर ते शिसं असू शकतं. अमेरिकेने शिशाच्या गाभ्याच्या वातींवर २००३ मध्ये बंदी घातली. आमच्या वाती विणलेल्या सुताच्या आहेत, तार नाही, तरी नवीन गुंडी आली की घासून बघायचं असं ठरवलं.

डब्या आतून स्पिरिटने पुसल्या, कारण पत्रा ओढताना वापरलेल्या तेलाचा पातळ थर आत राहतो. मग पूर्ण कोरड्या केल्या. पाण्याचा थेंब राहिला तर जळताना तडतडतं.

तापमान मोजायला लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला आहे, पण चकचकीत धातूवर तो फार कमी आकडा दाखवतो. चकाकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो. त्यासाठी डबीच्या भिंतीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्याच्यावर नेम धरला. हे माहीत नसेल तर तापलेली डबी गार समजून माणूस हात लावेल.

वाती सहा मिलीमीटरवर कापल्या, पंखा बंद, खाली कडप्पा. चार तास.

१४ ऑक्टोबर, सोमवार

निकाल स्पष्ट आहे. ग्लासातली वात डबीत फार जोरात जळते. दोन तासांच्या आतच मेण काठापर्यंत वितळलं, चौथ्या तासाला वितळलेल्या मेणाचं तळं दीड सेंटिमीटरहून खोल झालं, भिंत ६८ अंशांवर गेली. इतक्या तापलेल्या धातूला हात टेकला तर काही क्षणांत पोळतं. एक नंबर बारीक वातीने टिनच्या डबीत तिसऱ्या तासाच्या सुमारास काठ गाठला, तळं सेंटिमीटरभर, भिंत ५२ च्या आसपास. हीच पाहिजे होती. सर्वांत बारीक वात टिनमध्ये कडेला मेण सोडून मध्येच बोगदा करत गेली, पण ॲल्युमिनियमच्या डबीत तिनेच व्यवस्थित काठ गाठला. धातूचा फरक इतका उघड दिसेल असं वहिनींना वाटलं नव्हतं. त्यांनी दोन्ही डब्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे डबी बदलली की सगळं पहिल्यापासून." हो, पहिल्यापासून.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल कोजागिरी होती, दूध आटवताना बाजूच्या खोलीत शेवटच्या टप्प्यातल्या डब्या जळत होत्या. मेणबत्तीचा शेवट हा तिचा सर्वांत धोक्याचा भाग. वर मेण असेपर्यंत ते ज्योतीची उष्णता बुडापर्यंत पोहोचू देत नाही. मेण संपत आलं की ज्योत पत्र्याच्या अगदी जवळ येते.

खाली उरलेल्या प्लायवूडचे तुकडे ठेवले होते. सपाट बुडाच्या डबीखाली लाकडावर तपकिरी कडं उमटलं. उचललेल्या बुडाच्या डबीखाली काही नाही.

वातीच्या चकतीला जी उभी मान असते तिची उंची इथे कामाला येते. तीन मिलीमीटरची मान असलेली वात जवळजवळ बुडापर्यंत जळत राहिली. सहा मिलीमीटरची मान होती तिथे मेण त्या पातळीला आलं की वातीला मेण मिळणं थांबलं आणि ज्योत आपोआप विझली, खाली मेणाचा थर शिल्लक. गिऱ्हाईक म्हणेल मेण वाया गेलं. जाऊ दे. उंच मानेच्याच चकत्या घ्यायच्या.

घुमटाच्या बुडाच्या ॲल्युमिनियम डबीत शेवटी चकती सरकली आणि वात भिंतीकडे कलली. नेहमीच्या गोंद-बंदुकीचा गोंद तापल्यावर मऊ पडतो, आणि टेकायला जागा अपुरी असली की काहीच धरून ठेवत नाही. तो नमुना बाद. सपाट बुडाच्या ॲल्युमिनियम डबीत, उष्णता सोसणाऱ्या चिकट गोल पट्टीवर, वात शेवटपर्यंत सरळ.

२१ ऑक्टोबर, सोमवार

झाकण. डबीचं झाकण सुगंध धरून ठेवतं, धूळ अडवतं आणि वेळ आली तर आग विझवतं. हे तिसरं काम सगळ्यांत मोठं.

काजळी, कापलेल्या वातीचा तुकडा किंवा काडेपेटीची काडी वितळलेल्या मेणात पडली तर ती दुसरी वात होते. दोन ज्योतींनी मेण तापत जातं, आणि ते पुरेसं तापलं की त्याच्या वाफा पेट घेतात. मग पूर्ण पृष्ठभागच जळतो. अशा वेळी पाणी टाकायचं नाही. पाणी क्षणात वाफ होऊन जळतं मेण चहूकडे उडवतं. चिमट्याने किंवा जाड फडक्याने धरून झाकण वर सरकवायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचं नाही.

झाकण हे काम करणार असेल तर त्यात प्लास्टिकची खिडकी चालणार नाही, आतून फोमची चकती चालणार नाही. नमुन्यांत दोन्ही होते. फोमची चकती सुगंधी तेलाने फुगते असंही दिसलं. आटे असलेलं फिरकीचं झाकण मला पटलं नाही, आट्यांत मेण अडकतं आणि घाईच्या क्षणी ते बसत नाही. सरळ वरून बसणारं, आतून मोकळं, धातूचं झाकण.

त्याची एक अडचण आहे, उष्णतेत मेण मऊ झालं तर आडव्या डबीतून बाहेर येतं. आमचं मेण पन्नास अंशांच्या जरा वर वितळतं. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेलं खोकं त्याच्या जवळ पोहोचू शकतं. म्हणून डब्या उभ्याच भरायच्या, आणि पणजीला माल सकाळी न्यायचा.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

डब्या आल्या. मोठी १८० ग्रॅमची टिनची, लेपाची. लहान ॲल्युमिनियमची, किनाऱ्याकडच्या दुकानांसाठी. विक्रेत्याकडून लिहून घेतलं की पुढच्या मालात पत्र्याची जाडी, लेप किंवा बूड बदललं तर आधी कळवायचं. आलेल्या खोक्यांतून वेगवेगळ्या थरांतल्या डब्या काढून खडू-रॉकेल केलं आणि चुंबक फिरवलं. नमुना चांगला आणि माल वेगळा, असं होऊ शकतं. चेपलेल्या बुडाच्या डब्या बाजूला काढल्या, त्या टेबलावर डुलतात.

लेबल दोन लागतील. बाजूच्या लेबलवर वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे आमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत, तक्रारीसाठी फोन. निव्वळ वजन म्हणजे मेणाचं, डबी धरून नव्हे. बुडाच्या लेबलवर सूचना, मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत : जळती सोडून जाऊ नका, वात सहा मिलीमीटर ठेवा, एका वेळी चार तासांहून जास्त नको, पडदा-पंख्यापासून दूर, जळताना डबी हलवू नका, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा. वहिनींनी त्यात एक ओळ घातली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते : "डबी तापते." काचेकडे माणूस जपून हात नेतो, पत्र्याच्या डबीकडे तसा नेत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचा माल गेला, दुकानाने पुन्हा मागणी नोंदवली. काळ्या मॅट डबीचा विषय त्यांनी परत काढला. कापूस दाखवला, विषय संपला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

जुन्या गोव्याला माल पोहोचवला. परवापासून लोकांची रीघ आहे. संतांचे अवशेष बॉम जेझू बासिलिकेतून से कॅथेड्रलमध्ये नेले आहेत, मांडवीकडून येणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर साध्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि नवसाचे मेणाचे हात-पाय मांडलेले.

दुकानदार डब्या एकावर एक रचत होता तेव्हा त्याला सांगितलं की नमुन्याची डबी दुकानात पेटवायची तर एकटीच पेटवा, दोन पेटवल्या तर मध्ये वीतभर अंतर ठेवा, आणि वर कापडाची झालर नको. त्याने झालर तेव्हाच काढली.

८ डिसेंबर, रविवार

रिकाम्या डब्या परत येऊ लागल्या आहेत. आणून दिल्या तर पुढच्या मेणबत्तीवर सूट, असं दुकानात लिहिलं आहे. पण आलेली प्रत्येक डबी भरायची नाही. उरलेलं मेण सुरीने खरवडून काढलेलं असेल तर आतला लेप गेलेला असतो, बोटाला ओरखडे लागतात. पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज येणार. अशी डबी भंगारात, पोलाद पुन्हा वितळवता येतं. लेप शाबूत असेल तर कोमट पाण्यात ठेवून मेण सोडवायचं, धुऊन उन्हात पूर्ण वाळवायची, खडू-रॉकेल पुन्हा करायचं, परत धुवायची, मगच वात.

पणजीच्या दुकानाला आता मोठी डबी हवी आहे, दहा सेंटिमीटर व्यासाची. तिला एक वात पुरणार नाही, दोन लागतील. दोन ज्योतींची उष्णता एका बुडावर. नमुने मागवले आहेत, जाड पत्र्याचे. जानेवारीत जाळून बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही, असं त्यांना आजच कळवलं.